बुधवारच्या मुलीचं मंगळवारचं नाव

माझे सासरे अर्नेस्ट क्वाकू अदाई-ब्रेन्या वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेले, तेव्हा त्यांचं पोस्टर कुमासी शहरातल्या अकरा चौकांत लागलं. पोस्टरवर ते निळ्या सुटात, हातात पेन धरून असे बघत होते, की समोरच्यानं रजेचा अर्ज दिलाय आणि तो नामंजूर व्हायचाय. वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'एका गौरवशाली जीवनाचा सोहळा'. तरुण माणूस गेला तर आमच्याकडे 'काय हा धक्का!' असं छापतात. ऐंशीच्या पुढे गेलेल्याचा सोहळाच होतो. खाली लिहिलं होतं: साबण कंपनीचे माजी व्यवस्थापकीय संचालक, चर्चचे ज्येष्ठ सभासद, कुटुंबवत्सल पती आणि पिता.

'कुटुंबवत्सल' हा शब्द आमच्यापैकी कुणी सांगितला नव्हता. छापखानेवालीला मी विचारलं तर ती म्हणाली, "तो आम्ही सगळ्यांनाच घालतो, मॅडम. तयारच असतो. काढायचा असेल तर काढते, पण आजवर कुणी काढा म्हटलेलं नाही."

मीही म्हटलं नाही. तेवढ्यासाठी भांडायला वेळ नव्हता.

अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये वाटायची पुस्तिका मात्र माझ्या गळ्यात पडली. तिच्यात जीवनचरित्र असतं, मुलांची यादी असते, बायकोचे चार शब्द, कंपनीचे चार शब्द. ते सगळं मी लिहावं असं ओपान्यिन बोआदींनी ठरवलं. ओपान्यिन म्हणजे वडीलधारे. बोआदी हे सासऱ्यांचे सख्खे धाकटे भाऊ आणि आता त्यांच्या कुळाचे प्रमुख. पंच्याऐंशीचे आहेत. ते बैठकीत म्हणाले, "अमा लिहील. तिनं बी. ए. केलंय आणि ती घरीच असते."

घरीच असते. म्हणजे सासूबाईंची औषधं, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी कंद उकडून-कुटून करायचं फुफू, सासऱ्यांच्या शेवटच्या दोन वर्षांतली अंथरुणं-पांघरुणं, हे सगळं रिकामपणात मोडतं. असो. मी वही घेतली.

पापांचं, म्हणजे सासऱ्यांचं, चरित्र लिहायला तसं सोपं होतं. शाळेत पहिला नंबर, साबण कंपनीत कारकून, मग विक्रीप्रमुख, मग सगळ्यांत वरची खुर्ची. चार मुलं. थोरला कोजो, माझा नवरा. मधले दोघे परदेशात. आणि शेंडेफळ अबेना, जिचं मध्यवर्ती बाजारात कापडाचं दुकान आहे. अबेना चोपन्न वर्षांची, अंगानं भरलेली, आवाज असा की दुकानात बसून हाक मारली तर मासेवाल्या ओळीपर्यंत जातो. पापा अंथरुणाला खिळल्यापासून दुकान उघडायच्या आधी ती रोज सकाळी येऊन त्यांची दाढी करून जायची.

पापांना जाऊन आठवडा झाला, त्या दिवसाच्या जमावात तिनं मला स्वयंपाकघराच्या मागच्या दारी गाठलं.

"अमा, मुलांची यादी तूच लिहिणार ना?"

"हो. का?"

"मग माझं नाव अकुआ छाप."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. ही गोष्ट मला माहीत होती. घरातल्या सगळ्यांनाच माहीत होती, आणि सगळे तिला बगल देऊन चालायचे, वाटेतल्या दगडाला वळसा घालावा तसे.

आमच्यात प्रत्येक मुलाला त्याच्या जन्मवाराचं नाव असतं. पापा बुधवारचे म्हणून क्वाकू. मंगळवारी जन्मलेली मुलगी अबेना, बुधवारची अकुआ. नाव ठेवायचं ते बापानं, आठव्या दिवशी, पहाटे. मूल आईच्या कुळाचं. घर, शेत, कुळातली जागा सगळं आईकडून येतं. बापाकडून येतं ते नाव, आणि त्या नावाबरोबर जिवाला जे काही बळ मिळतं ते. आणि आमची अबेना जन्मली होती बुधवारी. बापाच्याच वारी.

"सिस्टर, ओपान्यिन ऐकतील का?" मी म्हटलं.

"मी पापांना तीनदा विचारलं," ती म्हणाली. "बारा वर्षांची असताना विचारलं. म्हणाले, बघू. लग्नाच्या आधी विचारलं. म्हणाले, सध्या हंगाम आहे, नंतर. गेल्या वर्षी दाढी करताना विचारलं. काय म्हणाले माहितीये? 'हे तू आधी का नाही सांगितलंस?'" ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "अंत्यविधीच्या शनिवारी सगळी मुलं त्यांना निरोप द्यायला एकेक करून पुढं जाणार. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं. मी काय सांगू? खोटं सांगू त्या माणसाला, शेवटच्या भेटीत?"

मी ओपान्यिनना विचारते म्हणाले. पण त्याआधी मला ही चूक झाली कशी, ते नीट कळून घ्यायचं होतं. म्हणून चरित्राला माहिती हवी या निमित्तानं मी बंटामा भागात राहणाऱ्या मिस टागोंकडे गेले. मिस टागो चौतीस वर्षं पापांच्या सेक्रेटरी होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, लग्न न केलेल्या, घरातसुद्धा बंद बूट घालून बसणाऱ्या. शेवटच्या महिन्यांत पापा नर्सला, मला, खुद्द सासूबाईंनाही 'मिस टागो' म्हणायचे. त्यांना खरोखर माहीत असलेलं माणूस म्हणजे त्या एकट्याच असाव्यात.

"लिहून घे, पण माझं नाव घालू नकोस," त्या म्हणाल्या. "तो कागद मीच टाईप केला. डॉक्टरांनी मंगळवार सांगितला होता, आणि साहेब रविवारी लिव्हरपूलला निघणार होते. मला म्हणाले, 'मिस टागो, नावांचा कागद करून ठेवा, मागं खोळंबा नको.' मुलगा झाला तर क्वाबेना, मुलगी झाली तर अबेना न्यार्को. सही केली. शिक्का मारला."

"शिक्का?"

"कंपनीचा. सहीखाली शिक्का नसला की त्यांना उघडं पडल्यासारखं व्हायचं."

"आणि बाळ बुधवारी आलं."

"बुधवारी दुपारी. मी लगेच तार केली. मुलगी, बुधवारी, दोघी सुखरूप. दुसऱ्या दिवशी उत्तर: 'आनंद झाला. कागदाप्रमाणे करा.'"

"मग तुम्ही परत तार का नाही केली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू कधी नोकरी केली नाहीस ना, बाळ?"

मी मान हलवली.

"केली तार," त्या म्हणाल्या. "माझ्या चोवीस वर्षांच्या आयुष्यातलं सगळं धैर्य गोळा करून केली. 'जन्म बुधवारचा. कृपया खात्री करावी.' उत्तर आलं दोन शब्दांचं. 'कागद अंतिम.'"

थोड्या वेळानं, मी उठायला लागले तेव्हा, त्या पुन्हा बोलल्या. "त्या वर्षी नवा साबण काढला होता. बाजारातल्या बायकांना वेष्टनाचा हिरवा रंग आवडला नाही. साहेबांनी पिवळा केला. पिवळाही आवडला नाही, तर पट्ट्यांचा केला. साबणाचं वेष्टन त्यांनी तीनदा बदललं, अमा."

मी घरी आले ती चडफडतच.

आता एक गोष्ट मान्य करते, नाहीतर मी फक्त विषच ओकतेय असं वाटेल. पापांनी कुणावर हात उगारला नाही. मुलांची फी कधी उशिरा गेली नाही. ओपान्यिन बैठकीत छाती पुढे काढून सांगत होते, "माझ्या भावानं कधी दुसरं घर केलं नाही!" माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई, मामे सेरवा, मोठ्यानं म्हणाल्या, "दुसरं घर करायला माणूस आधी पहिल्या घरात सापडावा लागतो."

सापडायचे ते रविवारी एक वाजता. त्या जेवणाबद्दल साऱ्या शहरात त्यांची ख्याती होती: केवढा मोठा माणूस, पण रविवारचं जेवण कधी चुकवत नाही. खरंच चुकवत नसत. ताटाच्या उजवीकडे घड्याळ काढून ठेवायचे, डावीकडे काळ्या पुठ्ठ्याची वही. ते 'सुरू करू या' म्हणेपर्यंत फुफूला कुणी बोट लावायचं नाही. मग मागच्या रविवारचे राहिलेले विषय. मग एकेका मुलानं आठवड्याचा अहवाल द्यायचा. पापा लिहून घ्यायचे. एकदा, कोजो सांगतो, तो नऊ वर्षांचा असताना त्याचा कुत्रा मेला आणि तो जेवताना रडायला लागला. पापा शांतपणे म्हणाले, "हा विषय यादीत नाही."

मी लग्न होऊन आले त्या पहिल्या रविवारी मीच शेळीचं रस्सेदार सूप केलं होतं. पापांनी वहीत लिहिलं आणि वाचूनही दाखवलं: 'नवीन सदस्या, परिचय झाला. सूप: मीठ किंचित जास्त, सुधारणा अपेक्षित.' पुढच्या रविवारी मीठ बेतानं घातलं, तर त्याची नोंद नाही. सुधारणा अपेक्षितच होती ना.

तर, यादी. बैठक आमच्या अंगणात, मांडवाखाली. ओपान्यिन मधल्या खुर्चीत, कुळातले चार वडीलधारे बाजूला, समोर कोजो आणि अबेना, परदेशातले दोघे फोनवर, आणि मी पुस्तिकेची कच्ची पानं घेऊन. मी अबेनाचं म्हणणं मांडलं.

ओपान्यिननी हातातली माल्टची बाटली खाली ठेवली. "नाव बापानं ठेवायचं असतं. बाप शवागारात आहे. आता कोण फिरवणार त्याचा शब्द? तू? मी?"

"पण ती बुधवारची आहे हे तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

"मला पुष्कळ गोष्टी माहीत आहेत. माहीत असणं वेगळं." त्यांनी पानं माझ्याकडे सरकवली. "अबेना छाप. चोपन्न वर्षं चाललं, आणखी एक शनिवार चालेल."

अबेना उठली. मला वाटलं आता आवाज चढणार. पण ती अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तशी गोड बोलली.

"ओपान्यिन, आमच्यात बाप नाव देतो. आणि मुलं बापाला काय देतात?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मुलं शवपेटी देतात. बायकोनं द्यायच्या गोष्टी वेगळ्या, कुळानं करायच्या वेगळ्या. शवपेटी ही मुलांचीच. सगळ्या मुलांनी मिळून, सगळ्यांच्या नावानं, साऱ्या गावासमोर आणायची.

"तुमच्या यादीत एक अबेना आहे," ती म्हणाली. "मंगळवारी जन्मलेली. तिला शोधा आणि शवपेटीला तिचा हात लागू द्या. मी त्या मुलांतली नाही. मी बुधवारची कुणीतरी बाई आहे, सकाळी दाढी करायला यायचे."

मग जो गलका झाला! एक म्हातारे म्हणाले, ही बापाला धमकी देते. दुसरे म्हणाले, बापाला नाही, आपल्याला. ओपान्यिन टेबलावर हात आपटून म्हणाले, "बाकीचे तिघं आणतील!"

फोनमधून एक आवाज आला, "ब्रदर कोजो म्हणेल तसं." दुसरा म्हणाला, "हो, ब्रदर कोजो म्हणेल तसं." परदेशात राहून माणसं किती आज्ञाधारक होतात.

सगळे कोजोकडे बघायला लागले. माझा नवरा भला माणूस आहे, पण त्याच्या बापानं त्याला असं घडवलंय की यादीत नसलेल्या विषयावर त्याला बोलता येत नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी त्याच्या बुटांकडे बघत बसले. त्याची ही वेळ होती, माझी नव्हे.

"सिस्टरशिवाय," कोजो म्हणाला. "सिस्टरशिवाय मी पेटीला हात लावणार नाही."

बैठक तिथंच मोडली.

पुढचे तीन आठवडे पापा शवागारात आणि आम्ही सगळे तापल्या तव्यावर. पोस्टरांवर तारीख छापून गेलेली. मांडववाले, बँडवाले ठरलेले. आणि शवपेटीचा पत्ता नाही. ओपान्यिन रोज सकाळी येऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे.

"अमा, तुझं ऐकते ती. सांग तिला."

"तिचं बरोबर आहे, ओपान्यिन. मी काय सांगू?"

"बरोबर आहे म्हणून काय झालं? माझा भाऊ मेलाय. मेलेल्या माणसाला मी खोटा पाडू? गाव म्हणेल, भाऊ डोळे मिटायची वाट बघत होता."

त्यांचंही काही अगदीच चूक नव्हतं. त्यांना भावाच्या शब्दाच्या विरोधात जायचं नव्हतं, आणि तिला आपल्या जन्माच्या विरोधात.

अशाच एका दुपारी मामे सेरवा मला झोपायच्या खोलीत घेऊन गेल्या आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडला. त्यात त्या काळ्या पुठ्ठ्याच्या वह्या होत्या. सगळ्या. सत्तावीस.

"चरित्राला घे," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाही, पण एवढं माहीत आहे की माझं नाव त्यात पुष्कळ ठिकाणी आहे. मी जे बोलायचे ते ते लिहून घ्यायचे. ऐकायचे नाहीत, लिहायचे."

मी तिथंच जमिनीवर बसून वाचायला लागले. आधी हसू येत होतं. 'कोजो: गणित सुधारले. दात पडला (एक).' 'छताची गळती: सुतारास कळविणे.' मग पापा लिव्हरपूलहून परतले त्यानंतरच्या पहिल्या रविवारचं पान आलं. 'विषय चार. बाळाचा वार. मांडणार: सौ. निर्णय: पुढील बैठकीत.'

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. 'बाळाचा वार' नंतर 'अबेनाचा वार' झाला. कधी मांडणारी सासूबाई, कधी स्वतः अबेना, एकदा चक्क कोजो. निर्णय तोच. काही वर्षं गेल्यावर पूर्ण वाक्य लिहायचाही त्यांना कंटाळा आला असावा, नुसतं 'अ. वार: पुढे.' रविवारमागून रविवार. मुलं मोठी होऊन पांगली, मी आणि कोजोही पापा अंथरुणाला खिळेपर्यंत वेगळे राहत होतो, पापा निवृत्त झाले, वही चालूच. शेवटच्या वहीत अक्षर पार हललेलं: 'उपस्थिती: दोन. सूप चांगले. अ. वार: पुढे.'

त्या पानावर मी जरा थांबले. एवढ्या मोठ्या टेबलाशी दोनच माणसं, आणि हा माणूस अजूनही बैठक घेतोय. क्षणभर मला वाईट वाटलं. पण सूप चांगलं होतं हे मामेंना तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि तो विषय संपवायला चोपन्न वर्षांत एक मिनिट लागलं असतं, हे आठवलं आणि वाईट वाटणं गेलं.

मग माझ्या लक्षात आलं ते वेगळंच. मी पुन्हा सगळं चाळलं. एकाही पानावर 'नामंजूर' नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओपान्यिन दारात आले तेव्हा मी त्यांना स्टुलावर बसवलं, समोर भाजलेली केळी आणि शेंगदाणे ठेवले, आणि वह्या काढल्या. त्यांचे डोळे अधू, म्हणून मीच वाचून दाखवलं. पहिली वही, मधली, शेवटची. ते घास घ्यायचे थांबले.

"ओपान्यिन," मी म्हटलं, "तुम्ही त्याच कंपनीत तीस वर्षं गोदाम सांभाळलंत. साहेबांनी एखादा अर्ज 'नामंजूर' लिहिला तर?"

"तर संपलं."

"आणि 'पुढे' लिहिलं तर?"

त्यांनी बोटानं शेंगदाणे इकडून तिकडे सरकवले. "तर तो जिवंत असतो," ते हळूच म्हणाले. "साहेब बदलला तर पुढचा साहेब निकाल लावतो."

"मग पुढचे साहेब कोण?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, की शिव्या देणार की आशीर्वाद, ते मला कळेना.

"मी होतो त्या दिवशी घरात," ते म्हणाले. "बुधवारी. तिचं रडणं ऐकलं मी. असं रडली की रस्त्यावरची माणसं थांबली. आठव्या दिवशी ती मांडीवर होती, कागद हातात होता, आणि मी कागद वाचला."

"का?"

"त्याच महिन्यात मला गोदामात घेणार होते, पोरी."

मी त्यांच्या ताटलीत आणखी एक केळं ठेवलं. त्या वेळी दुसरं काय करणार?

अंत्यविधीच्या आधीच्या बुधवारी, पहाटे, आमच्या अंगणात बारसं झालं. बाळ चोपन्न वर्षांचं. पांढरं कापड नेसून अबेना ओपान्यिनांच्या पायाशी ठेंगण्या स्टुलावर बसली, स्टूल कुरकुरलं तशी म्हणाली, "मांडीवर घ्या म्हणत नाही, ओपान्यिन, उगाच दोन अंत्यविधी होतील." म्हाताऱ्यालाही हसू आलं. मग त्यांनी पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून तिच्या जिभेवर लावलं.

"पाणी म्हणशील तेव्हा ते पाणीच असू दे."

मग दुसऱ्या पेल्यातल्या दारूचा थेंब.

"दारू म्हणशील तेव्हा ती दारूच असू दे. अकुआ न्यार्को. तू आमच्याकडे बुधवारी आलीस. आलीस ती राहा."

मागून मामे सेरवांचा आवाज आला, "सव्वाबारा वाजता. दुपारी. केवढं उकडत होतं."

अबेना, म्हणजे अकुआ (मलाच अजून सवय होतेय), जरा वेळ मान खाली घालून बसली. मग डोळे पुसून पेला पुढे केला. "आणखी घाला थोडी. बाळाला एक थेंब पुरतो, मला नाही."

दुसऱ्या दिवशी शवपेटी आली. चौघांच्या नावानं.

पुस्तिका मी त्याच दिवशी छापायला दिली. 'कुटुंबवत्सल' राहू दिलं. छापखानेवाली म्हणाली तसं, ते तयारच असतं. यादीत चौथं नाव अकुआ न्यार्को. ओपान्यिनना चरित्रात असं वाक्य हवं होतं की आपल्या सर्व मुलांची नावं त्यांनी स्वतः ठेवली. मी लिहिलं: 'तीन मुलांची नावे त्यांनी स्वतः ठेवली. चौथीचे काम प्रलंबित होते. ते कुटुंबाने पूर्ण केले.' शनिवारी चर्चमध्ये हे वाचलं गेलं तेव्हा पुढच्या ओळीत बसलेल्या कंपनीच्या लोकांनी समाधानानं माना डोलावल्या. त्यांना ते कामाचा कार्यभार नीट सोपवल्यासारखं वाटलं असावं. मिस टागोंनी मात्र पुस्तिका तोंडापुढे धरली आणि तिच्यामागे त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

त्याआधी सकाळी निरोप झाला होता. पापांना निळ्या सुटातच निजवलं होतं; पेन तेवढं हातात नव्हतं. कोजो गेला, नाव सांगून बाजूला झाला. मधले दोघे विमानानं आले होते, ते गेले. मग ती गेली. वाकून तिनं त्यांच्या हनुवटीवरून हात फिरवला, दाढी नीट झालीय का बघितल्यासारखा.

"पापा, मी अकुआ," ती म्हणाली. "बुधवारची. तुमच्याच वारची. तुमचा कागद आम्ही मोडला. रागावलात तर रागवा, पण ओळख ठेवा." आणि मग, अगदी हळू, म्हणजे मीच जवळ होते म्हणून मला ऐकू आलं: "जा आता. खोळंबा नको."

रविवारी चर्चमधून आल्यावर आम्ही सगळे थकून पडलो होतो. एक वाजता मामे सेरवांनी फुफू वाढायला सांगितलं. पापांच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. मामे आत गेल्या आणि शेवटची वही घेऊन आल्या; ती माझ्यासमोर ठेवली आणि वर पेन.

"लिही."

"काय लिहू, मामे?"

"जे राहिलंय ते."

मी पान उघडलं. शेवटच्या हललेल्या ओळीखाली लिहिलं: 'उपस्थिती: आठ. अ. वार: निकाली.' वाचून दाखवलं. मामेंनी मान हलवली. अकुआ टेबलाच्या पलीकडून वहीकडे टक लावून बघत होती.

तेवढ्यात कोजो, माझा बिचारा कोजो, सवयीनं म्हणाला, "पुढचा विषय?"

मामेंनी माझ्या हातातून वही काढून घेतली, मिटली आणि स्वतःच्या खुर्चीवर ठेवून तिच्यावर बसल्या.

"पुढचा विषय सूप आहे," त्या म्हणाल्या. "गार होतंय. हात धुवा."